पहिली गोधडी: नक्षी नंतर निवडा, आधी माप ठरवा

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. घरी पायाचं मशीन आहे, परकर आणि उशांचे अभ्रे शिवण्याइतकी सरळ शिलाई येते. आजीच्या आठ साड्या जपून ठेवल्या आहेत, त्यांतल्या दोन माहेश्वरी आहेत. त्यांतून डबलबेडची, चांदण्यांच्या नक्षीची गोधडी करायची मनात आहे. शिवाय भाचीला डिसेंबरात बाळ होणार आहे, तिलाही हातचं काही द्यायचं आहे. त्यांनी विचारलं आहे, "चांदणी अवघड वाटत असेल तर सुरुवातीला सोपी नक्षी कोणती घेऊ?"

ताई, नक्षीपेक्षा तुमची खरी अडचण मापाची आणि कापडाची आहे. सोप्यातली सोपी नक्षी जरी घेतली, तरी डबलबेडची गोधडी पहिल्याच खेपेला नवशिक्या हाताला जड जाते. ९० बाय १०० इंचांचं क्षेत्रफळ ३६ बाय ३६ च्या दुपट्याच्या जवळजवळ सातपट होतं. हाताने दीड-दीड इंचावर धावदोरा घालायचा म्हटलं, तर दुपट्यात साधारण २२ मीटर टाके पडतात आणि डबलबेडच्या गोधडीत दीडशे मीटरच्या वर. मशीनवर करायची म्हटली तर वेगळीच पंचाईत असते. घरगुती मशीनच्या दांड्याखाली सुईच्या उजव्या अंगाला सहा-सात इंचच जागा असते. मधली शिलाई घालताना अर्धी गोधडी गुंडाळून त्या जागेत कोंबावी लागते, तिचं वजन टेबलावरून खाली ओढत राहतं आणि शिलाई वाकडी होते. अशा गोधड्या अर्ध्यावर कपाटात जातात.

म्हणून माझं उत्तर एकच आहे. भाचीच्या बाळासाठी ३६ इंची चौरस दुपटं करा, तेही उभ्या पट्ट्यांचं. त्यात गोधडीची सगळी कामं येतात: कापणं, जोडणं, थर लावणं, थर शिवणं आणि कडेला गोट लावणं. प्रत्येक काम एकदा पुरतं होतं आणि चुकलं तर उसवता येतं.

३६ इंच मी नुसता आकडा आवडला म्हणून सांगत नाही. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून ४० इंची पाठ जोड न देता एका तुकड्यात निघते. माप थोडं वाढवून ४५ बाय ६० केलंत की पाठीला जोड आलाच, आणि पाठीचा जोड सपाट ठेवणं हे नव्या हाताचं काम नाही. दुसऱ्या टोकाला, गरम भांडी धरायची फडकी किंवा टेबलावरच्या चटया यांनी सुरुवात करा असंही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. त्यांत कोपरे जास्त, मधला भाग कमी. थर सरकण्याची जी मुख्य अडचण, ती त्यात येतच नाही. मग चार चटया करूनही गोधडी येत नाही ती नाहीच.

आता पट्ट्याच का, चौकोन का नकोत? ६ बाय ६ चौकोनांच्या दुपट्यात पंचवीस ठिकाणी चार-चार कोपरे एकमेकांना भिडवावे लागतात. ९ पट्ट्यांत फक्त आठ शिवणी आणि कोपरा एकही नाही. पट्टीची शिवण एक षोडशांश इंच जास्त आत गेली, तर प्रत्येक शिवणीत दोन्ही पट्ट्यांचं मिळून एक अष्टमांश इंच जातं. आठ शिवणींत एक इंच. दुपटं ३६ ऐवजी ३५ इंच झालं, इतकंच. बाळाला काही फरक पडत नाही. हीच चूक चांदणीत झाली तर तिची टोकं शिवणीत कापली जातात आणि सगळ्याच चांदण्या बोथट दिसतात. शिवाय चांदणीला त्रिकोण लागतात, आणि त्रिकोणाची एक बाजू नेहमी कापडाच्या तिरक्यात येते. तिरकं कापड इस्त्रीच्या साध्या दाबानेही ताणतं. इंदुरात सिंधी शेजारणींकडच्या रल्ल्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या त्यांच्या गोधड्या, पाहून बारीक त्रिकोणांचा मोह होतो हे मला ठाऊक आहे. त्या हातांना लहानपणापासूनचा सराव असतो. तुम्हीही तिथे पोहोचाल, पण चांदणी तिसऱ्या गोधडीला घ्या.

साड्यांचं काय, हा प्रश्न नाजूक आहे. आजीच्या साड्या पहिल्या प्रयोगात पुढच्या बाजूला कापून लावू नका. माहेश्वरीच्या ताण्यात बहुतेक वेळा रेशीम आणि बाण्यात सूत असतं, त्यामुळे ती सरकते, कापलेली कड लगेच उसवते, टाचणीची भोकं दिसत राहतात. काठात जरीकाम असेल तर ते बाळाच्या अंगाला टोचतं. त्या दोन साड्या बाजूला ठेवा. उरलेल्या सहांत एखादी मऊ झालेली, फिक्या रंगाची सुती साडी असेल तर ती दुपट्याच्या पोटात घाला. जुन्या गोधड्या अशाच तर होतात: आतला थर साडीचा. पोटातल्या कापडाला दिसायचं नसतं, ताण सोसायचा नसतो, दोन्ही बाजूंचं नवं कापड त्याला धरून ठेवतं. आजीची साडी बाळाच्या अंगाखाली जाते आणि तुमची कात्री बिचकतही नाही.

साडी निवडताना ती खिडकीच्या उजेडासमोर धरा. जिथे जाळी दिसते तो भाग सोडा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड हलकेच ताणा. कर्र आवाज येऊन धागा सुटला तर तो तुकडा नको. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदराकडचा आणि आत खोचण्याकडचा बहुधा धड असतो. फॉल लावलेला असेल तर उसवा, काठ जाड असेल तर कापून टाका, नाहीतर तिथे सुई अडते. साडेपाच मीटरच्या साडीतून ४० इंचांचे पाच तुकडे निघतात. आपल्याला तीन पुरतात. काठ काढल्यावर रुंदी ४० पेक्षा कमी भरली, तर थरांवर थर चढवून जोडू नका. दोन कडा शेजारी शेजारी भिडवून सैल नागमोडी टाका घाला, म्हणजे मध्ये उंचवटा येत नाही. गडद साडी मात्र पोटातही नको. पिवळ्या किंवा पांढऱ्या कापडाखालून तिची सावली दिसते आणि पुढे रंग सुटायची धास्ती राहते.

कापसाचं भरण मी पहिल्या खेपेला सांगणार नाही. पिंजलेला कापूस जवळजवळ टाके नसतील तर पहिल्या धुण्यातच गोळा होतो, आणि बाळाचं दुपटं तर रोज धुवावं लागतं. फायबरची शीट हलकी असते, धुताही येते, पण इस्त्री जास्त तापली की ती चपटते आणि उन्हाळ्यात अंगाला घाम आणते. इंदूरच्या थंडीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेवढ्याला साडीचे तीन थर बाळाच्या खाली अंथरायला पुरे. हे दुपटं अंथरायला आणि जागेपणी मांडीवर घ्यायला आहे, हेही भाचीला सांगा. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊ शकतं.

खरेदीचं माप असं. पुढच्या बाजूसाठी तीन रंगांची सुती कापडं, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. पाठीसाठी चौथं, १ मीटर २० सेंटिमीटर. गोट पाठीच्याच कापडाचा करायचा आहे, त्यासाठी वेगळं घ्यायला नको. राजवाड्याजवळ सीतलामाता बाजारात किंवा कुठल्याही कटपीसवाल्याकडे हे मिळेल. क्लॉथ मार्केटचा व्यवहार मुख्यतः घाऊक, चार तुकड्यांसाठी तिकडे जायची गरज नाही. दुकानात पहिला प्रश्न पन्ह्याचा विचारा. पॉपलीन पुष्कळदा ३६ इंचीच असतं आणि धुतल्यावर ते आणखी आटतं. तेच आवडलं तर दुपटं ३२ इंचांचं करा, आठ पट्ट्यांत बसवा. दुसरं म्हणजे "सुती" म्हटल्यावर टेरिकॉटही पुढे केलं जातं. कडेचे चार धागे मागून घ्या आणि घरी वातीवर धरा: सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, सिंथेटिक धाग्याचा कडक मणी होतो. तिन्ही कापडं एकाच जातीची आणि जवळपास एकाच जाडीची हवीत. एक मलमल आणि एक जाड खादी घेतलीत तर दोघींमधली शिवण कायम चुरगळते.

बाघ प्रिंटचा, म्हणजे बाघ गावच्या ठशांच्या छपाईचा, लाल-काळा मोह सगळ्यांनाच होतो, आणि आपल्याकडे ते मिळतंही सहज. घ्या, पण आधी रंगाची परीक्षा करा. ओल्या पांढऱ्या फडक्याने पाठीमागून जोरात घासा. फडकं रंगलं तर कापड गार पाण्यातून पुन्हा पुन्हा काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी म्हणतात, पण विकत घेतलेल्या रंगीत कापडाचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. चार धुण्यांनंतरही पाणी लालच येत असेल, तर ते कापड पडद्याला वापरा. लाल चांगलं पक्कं निघालं तरी चारही कापडं शिवण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचीच. एक कापड आटलं आणि शेजारचं नाही, की धुतल्यावर पूर्ण दुपटं फुगवट्यांनी भरतं आणि मग त्याला उपाय राहत नाही.

पट्ट्या साडेचार इंच रुंद, ३७ इंच लांब. प्रत्येक रंगाच्या तीन. पॉपलीनसारखं साधं विणलेलं सुती कापड पन्ह्याच्या दिशेने सरळ फाडता येतं: कडेला छोटी कात्री मारा आणि एका दमात फाडा. धाग्यावरच फाटतं, म्हणून कात्रीपेक्षा सरळ जातं. फाडलेल्या कडा थोड्या वळतात आणि सैलावतात, म्हणून पट्टी पावणेपाच इंच फाडून इस्त्रीनंतर साडेचारवर नेमकी करा. ठशांच्या छापील कापडाचं मात्र आधी पाहा. छपाई धाग्याला तिरकी असेल तर फाडलेली पट्टी सरळ असूनही वाकडी दिसते. तिथे खडूने आखून कात्रीनेच कापा.

शिवणीत दोन्हीकडे पाव पाव इंच माया, म्हणजे शिलाईपासून कडेपर्यंत सोडलेलं कापड. मशीनच्या दाबपायाची कड म्हणजे पाव इंच असं धरून चालू नका, पुष्कळ जुन्या मशीनवर ती जास्त असते. सुई कापडाशिवाय खाली आणा, सुईच्या टोकापासून पाव इंच मोजा आणि तिथे पत्र्यावर चिकटपट्टीचे तीन-चार थर एकावर एक लावा. कापडाची कड त्या धारेला टेकवून चालवायची. आता परीक्षा: साडेचार इंचांचे तीन लहान तुकडे जोडा, इस्त्री करा, मधला मोजा. तो नेमका ४ इंच भरला पाहिजे. कमी भरला तर चिकटपट्टी सुईकडे सरकवा, जास्त भरला तर लांब. या दहा मिनिटांत पुढची पुष्कळ उसवाउसवी वाचते. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा, सुई १४ नंबरची आणि नवी.

पट्ट्या जोडताना एक गोष्ट हमखास चुकते. सगळ्या शिवणी वरून खालीच घातल्या की जोडलेलं कापड धनुष्यासारखं एका बाजूला वळतं. याचं कारण मशीनच्या बनावटीत आहे. खालचे दाते खालची पट्टी ओढतात, दाबपाय वरची पट्टी किंचित मागे रेटतो, आणि तेवढी तेवढी वरची लांब उरते. आठ शिवणींत ते साठत जातं. म्हणून एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर. दर शिवणीनंतर आधी शिवण होती तशी दाबा, मग माया एकाच बाजूला, गडद रंगाकडे पाडून पुन्हा दाबा. इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवा. सगळं जोडून झालं की वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी रुंदी मोजा. पाव इंचापर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर कुठल्या तरी एका शिवणीत माया घसरली आहे, ती शोधून उसवा. शेवटी लांबीही रुंदीइतकी, साधारण ३६ इंच, करून घ्या.

थर लावणं हे या कामाचं मर्म आहे, इथे घाई करू नका. ४० बाय ४० ची पाठ फरशीवर उलटी अंथरा, चारही बाजूंना चिकटपट्टीने धरा. सुरकुती राहू नये इतकीच, ताणायची नाही. ताणलेली पाठ चिकटपट्टी काढताच आक्रसते आणि पुढची बाजू चुण्या धरते. वर साडीचे तीन थर, सगळ्यांचा उभा धागा एकाच दिशेला. हाताचा तळवा मधून कडेकडे फिरवत प्रत्येक थर बसवा. सर्वांत वर जोडलेल्या पट्ट्या. मग मधून सुरुवात करून चारी दिशांना कच्चा दोरा घाला, ओळी तीन-तीन इंचांवर. नुसत्या टाचण्यांवर भागवलंत तर साडीचे थर सरकतात, कारण जुनं मऊ सूत एकमेकांवर घसरतं.

आता थरांची शिलाई. मशीनची सुई १६ नंबरची करा, टाका साडेतीन मिलिमीटरपर्यंत वाढवा, दाबपायाच्या दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंच सोडून एकेक ओळ. बरोबर शिवणीच्या खाचेत शिलाई घालायचा प्रयत्न नको, खाचेतून सुई जरा बाहेर गेली तरी डोळ्यांत खुपते. पाव इंच अंतरावर तेवढंच वाकडेपण दिसतही नाही. सुरुवात मधल्या पट्टीपासून, मग उजवीकडे, मग डावीकडे. आणि इथे पट्ट्या जोडतानाच्या नियमाच्या उलट चाला: सगळ्या ओळी एकाच दिशेने, वरून खाली. शेजारच्या दोन ओळी उलटसुलट दिशांनी घातल्या तर मधलं कापड एकीकडे वर आणि एकीकडे खाली रेटलं जातं, तिरक्या चुण्या पडतात. एखाद्या ओळीच्या शेवटी कापडाची घडी पुढे साचताना दिसली, तर ती सुईखाली दडपू नका. चार इंच उसवा, कच्चा दोरा तोडा, तळव्याने फुगवटा कडेकडे न्या आणि पुन्हा घाला.

हातानेच करायचं असेल तरी हीच रचना चालते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, तो झिजतो आणि गुंततो. इंचात चार-पाच टाके पडले तरी नव्या हाताला पुष्कळ आहे. बारीक टाक्यापेक्षा सारखा टाका चांगला दिसतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. पाच थरांतून सुई रेटताना बोट दुखायला लागलं की टाके आपोआप मोठे होतात. गोधडीत काठाकडून आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालायची पद्धत देखणी असते, पण तीत सगळा फुगवटा मध्यात येऊन साचतो आणि तो जिरवायचा कसा हे हाताला कळावं लागतं. पहिल्या दुपट्याला सरळ ओळीच घाला.

गोटासाठी पुढची बाजू आणि साडीचे थर एकसारखे छाटा, पाठ मात्र चारही बाजूंना नेमकी एक इंच बाहेर राहू द्या. छाटताना पाठ कात्रीत येत नाही ना, हे दर चार बोटांवर हात खाली घालून पाहा. कोपऱ्यात पाठीचं टोक तिरकं आत दुमडा, इतकं की घडी पुढच्या बाजूच्या कोपऱ्याला टेकेल. टोकाचा जो भाग आत दबतो, तो जाड वाटला तर थोडा छाटा. आता एक बाजू अर्धा इंच दुमडून दुपट्याच्या कडेला भिडवा, आणि पुन्हा अर्धा इंच वर घ्या. शेजारची बाजूही तशीच. दोन्ही घड्या कोपऱ्यात तिरक्या रेषेत भेटतात. ती तिरकी रेष हातानेच लपवटाक्यांनी शिवा, मशीनवर ती नेहमी सरकते. बाकी गोट मशीनवर, घडीच्या आतल्या कडेपासून एक अष्टमांश इंचावर. कोपरा पहिल्यांदा नीट बसला नाही तर दोरा कापून पुन्हा दुमडा. इस्त्रीची घडी पडलेली असते, दुसऱ्यांदा सोपं जातं.

कच्चा दोरा काढा आणि भाचीला देण्याआधी एकदा घरीच धुवा. गार पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, सपाट वाळत घालायचं. वाळल्यावर ते किंचित सुरकुतलेलं दिसेल, ते ठीक आहे, जुन्या गोधडीचा मऊपणा तिथूनच येतो. एखादी टाचणी किंवा सुईचं मोडकं टोक राहिलं नाही ना, हे सगळीकडे हाताने दाबून बघा. बाळाच्या वस्तूत ही तपासणी दोनदा करावी, एकदा पुढून आणि एकदा पाठीकडून.

नंतर दुसरं काम म्हणून हेच दुपटं चौकोनांचं करा: साडेसहा इंचांचे ३६ तुकडे, दोन रंगांत, पुन्हा ३६ इंच. त्यात कोपरे भिडवायला हात बसला की उरलेल्या सुती साड्यांची मोठी गोधडी काढा. डबलबेडची एकसंध न करता ४५ बाय ६० च्या दोन केल्यात, तर थर लावायला घरातली साधी खोली पुरते. माहेश्वरी साड्या त्याही पुढे ठेवा. त्यांना मागून मलमलीचं अस्तर लावून, पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया सोडून आणि ११ नंबरच्या सुईने शिवावं लागतं. कडा कशा उसवतात हे आधी एखाद्या जुन्या रेशमी ब्लाउजच्या तुकड्यावर पाहून घ्या, मगच त्यांना कात्री लावा.